वांदररोटी: सोनकीची काटक नातलग

- कुळ: सूर्यफुलाचं. शास्त्रीय नाव क्लेइनिया ग्रँडिफ्लोरा. जुन्या ग्रंथांत नोटोनिया.
- मूळ घर: दख्खन आणि सह्याद्रीतल्या कोरड्या, खडकाळ टेकड्या.
- ओळख: मांसल पानं, जाड खोडावर गळलेल्या पानांचे वण. फुलं फिकट पिवळी, भोवती पाकळ्यांची झालर नाही. सोनकीला ती असते. शिवाय सोनकी पावसाळ्यात बीपासून उगवून वाळते, वांदररोटी वर्षानुवर्षं टिकते.
- इतिहास: १८६० च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ती पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर उपाय म्हणून सुचवली. गुण सिद्ध झाला नाही.

फांदीपासून रोप: वीतभर फांदी धारदार चाकूनं कापावी आणि चार-पाच दिवस सावलीत नुसती ठेवावी. कापलेली बाजू सुकून कडक झाली पाहिजे. ओली लावलेली फांदी बुडापासून कुजते. मग भरड वाळू आणि बारीक खडीच्या मिश्रणात खोचावी. पहिला आठवडा पाणी नाही.

इंदूरमध्ये: माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत ती नकोच. मे महिन्यातल्या चाळीस अंशांपेक्षा जुलै-ऑगस्टची झड अधिक घातक. त्या काळात कुंडी छपराखाली, उजेडात हलवावी.