पत्रकाराला जाहिरात नको, बातमी द्या!

समजा, तुमची अकाउंटिंगची छोटी फर्म आहे, किंवा दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलंय. पेपरात नाव यावं असं वाटतं, म्हणून तुम्ही अर्थविषयक पत्रकाराला मेल टाकता, "आमची सेवा नंबर वन आहे." उत्तर येत नाही. का? कारण त्यात बातमीच नाही!

हा पत्रकार जीएसटी, ऑडिट, आयकरातले बदल यावर लिहितो. नियम त्याला माहीत असतात. त्या नियमाने दुकानात, कारखान्यात काय झालं, हे मात्र तुम्हाला दिसतं. तेच तुमचं भांडवल.

एक उदाहरण घ्या. आकलन वर्ष २०२४-२५ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं, सेवा देणाऱ्याचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं. मुदत टळली, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळणार. हेतू चांगला. पण छोट्या पुरवठादाराचे पैसे खरंच लवकर आले, की ऑर्डरच दुसरीकडे गेली? तुमच्या ग्राहकांच्या वह्यांत याचं उत्तर आहे!

मग मेल असा लिहा:

"आमच्या इतक्या ग्राहकांपैकी इतक्यांची बिलं या नियमानंतर वेळेत आली, इतक्यांची अडकली. दोघे उद्योजक नावानिशी बोलायला तयार आहेत. माझा नंबर खाली आहे."

बस्स, एवढंच. विषयाच्या ओळीत मुख्य आकडा टाका.

आता चार पथ्यं:

१. ग्राहकाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचं नाव, आकडे देऊ नका. बातमी एक दिवसाची, विश्वास आयुष्यभराचा.

२. आकडा फुगवू नका. दहाच ग्राहक असतील तर दहाच सांगा.

३. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी नको, आधी कळवा. बजेटवर बोलायचंय? मग जानेवारीतच.

४. "छापण्याआधी दाखवा" म्हणू नका. आणि तुम्ही सीए असाल, तर प्रसिद्धीबाबतचे आयसीएआयचे नियम आधी वाचा.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. रोज फोन नको.

आजचा गृहपाठ: त्या पत्रकाराचे शेवटचे पाच लेख वाचा. त्यात कोणाची बाजू आलेली नाही, ते लिहून काढा. तुमची बातमी तिथेच आहे. लागा कामाला!