झिनोरो: नाव नवं, गाडी जुनी

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यशाच्या गोष्टी सांगतो. आज एका अपयशाकडे बघू या. झिनोरो हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. चीनमधल्या शेनयांग शहरातल्या बीएमडब्ल्यू-ब्रिलियन्स या संयुक्त कंपनीचा हा ब्रँड. २०१३ मध्ये आला आणि जेमतेम दोन मॉडेल काढून विरून गेला. पण त्याच्या पोटात एक वेगळीच गोष्ट दडलेली आहे.

आधी हा ब्रँड निघाला कशासाठी, ते समजून घेऊ. १९९४ च्या धोरणानुसार चीनमध्ये मोटारी बनवायच्या असतील तर परदेशी कंपनीला स्थानिक भागीदार घ्यावा लागे आणि तिचा हिस्सा ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नसे. हेतू सरळ होता: परदेशी कंपनीला बाजारपेठ द्यायची आणि बदल्यात तंत्रज्ञान शिकायचं. बीएमडब्ल्यू-ब्रिलियन्सही अशीच, २००३ मध्ये, निम्म्या-निम्म्या भागीदारीत स्थापन झाली.

पण काही वर्षांनी सरकारच्या लक्षात आलं की कारखाने आले, रोजगार आला, पण गाडीवरचं नाव परक्याचंच राहिलं. मग आग्रह सुरू झाला, की संयुक्त कंपन्यांनी स्वतःचे ब्रँड काढावेत. होंडाच्या भागीदारीतून लिनियन निघाला, निसानच्या भागीदारीतून व्हेनुशिया, जनरल मोटर्सच्या भागीदारीतून बाओजुन. झिनोरो हा त्याच रांगेतला. चिनी भाषेत त्याचं नाव ‘झिनुओ’, आणि त्यातल्या ‘नुओ’चा अर्थ वचन.

आता हे वचन कसलं होतं ते बघा. नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्वांगझौच्या वाहन प्रदर्शनात ‘झिनोरो १ई’ ही गाडी आली. ती मुळात बीएमडब्ल्यूची एक्स-१. इंजिन काढलं, बॅटरी आणि १२५ किलोवॅटची मोटर बसवली, समोरचा चेहरा थोडा बदलला. एका चार्जमध्ये सुमारे १५० किलोमीटर, कमाल वेग ताशी १३० किलोमीटर. आणि मुख्य म्हणजे ही गाडी विकत मिळतच नव्हती, फक्त भाड्याने मिळायची.

त्याच वर्षी जुलैमध्ये बीएमडब्ल्यूने आय-३ ही गाडी न्यूयॉर्क, लंडन आणि बीजिंगमध्ये एकाच दिवशी सादर केली होती. पहिल्या रेघेपासून विजेसाठीच आखलेली, कार्बन फायबरच्या सांगाड्याची. म्हणजे कंपनीचं उत्तम डोकं, उत्तम संशोधन आय-३ मध्ये गेलं आणि झिनोरोच्या वाट्याला जुन्या गाडीचं नवं रूप आलं. यात बीएमडब्ल्यूला दोष देण्याचं कारण नाही. आपली विद्या आणि आपलं नाव भागीदाराबरोबर निम्मं वाटून घ्यायला कोण आपणहून तयार होईल? सांगितलं तेवढं केलं, मनापासून केलं नाही, इतकंच.

ग्राहकाच्या बाजूनेही विचार करा. त्या कारखान्यातली गाडी घ्यायची ती बीएमडब्ल्यूच्या चिन्हासाठी. चिन्हच काढून घेतलं तर उरलं काय? २०१७ मध्ये ‘झिनोरो ६०एच’ नावाची प्लग-इन हायब्रिड आली, तीही एक्स-१ वरच आधारलेली. त्यानंतर या नावाची नवी गाडी आली नाही.

२०१८ मध्ये चीनने विजेवरच्या गाड्यांसाठी हिस्स्याची मर्यादा उठवली आणि बाकी प्रवासी मोटारींसाठी ती २०२२ पर्यंत काढण्याचं जाहीर केलं. बीएमडब्ल्यूने लगेच ३.६ अब्ज युरो मोजून आपला हिस्सा ७५ टक्क्यांवर नेण्याचा करार केला. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान २०२० मध्ये शेनयांगलाच विजेवरच्या आयएक्स-३ चं उत्पादन सुरू झालं. ही गाडी तिथून युरोपलाही जाऊ लागली, बीएमडब्ल्यूच्याच नावाने. म्हणजे कामगार तिथलेच, शहर तेच, पण आता गाडी खरी होती. त्याच वर्षी ब्रिलियन्सची मूळ कंपनी मात्र दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

मग झिनोरो सगळाच वाया गेला का? इथेच गंमत आहे. १ई ची बॅटरी पुरवण्याचं काम मिळालं निंगदे शहरातल्या एका कोवळ्या कंपनीला. तिचं नाव सीएटीएल, स्थापना २०११. बीएमडब्ल्यूकडून आलेल्या तांत्रिक अटींचा दस्तऐवज सुमारे ८०० पानांचा आणि जर्मन भाषेत होता, असं सांगितलं जातं. त्या अटी पुऱ्या करता करता ही कंपनी मोटारीच्या बॅटरीचं शास्त्र शिकली. पुढे ती जगातली सर्वात मोठी वाहन-बॅटरी उत्पादक झाली. धोरणाचा नेम होता गाडीवरच्या नावावर. फळ पडलं ते भलत्याच अंगणात. ब्रँड हुकमाने काढता येतो, पण विद्या शिकावी लागते. कठोर गिऱ्हाईक आणि शिकायला आतुर पुरवठादार यांची गाठ पडली, तर ती येते.

हा प्रश्न आज आपल्या दारातही उभा आहे. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने विजेवरच्या गाड्यांसाठी योजना जाहीर केली: किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवा, पाच वर्षांत ५० टक्के मूल्यवर्धन देशात करा, आणि त्या बदल्यात ठरावीक संख्येच्या महागड्या गाड्या कमी शुल्कात आणा. चाकणमध्ये आज विजेवरच्या गाड्या तयार होत आहेत. पण आपल्याकडे लागणारे बॅटरीचे सेल अजून बहुतांश बाहेरूनच येतात. तेव्हा ५० टक्के हा आकडा ऐकला की आपण विचारलं पाहिजे, हे ५० टक्के कशाचे? पत्रा, सीट आणि काचा यांचे, की सेल, मोटर आणि तिच्यामागचं इलेक्ट्रॉनिक्स यांचे? कागदावर दोन्हींचा आकडा सारखाच दिसेल. दहा वर्षांनी मात्र एकातून झिनोरो उरेल आणि दुसऱ्यातून सीएटीएल.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.