‘आम्हालाही असंच दुखायचं’ म्हणण्याआधी…

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात महात्मा फुले यांच्या पुतळ्यापासून स. भु. महाविद्यालयापर्यंत सकाळी मुलींची वर्दळ असते. काही शहरातल्याच, काही जालना, बीड, परभणीहून शिकायला आलेल्या. त्यांच्यातली एखादी दर महिन्याला दोन-तीन दिवस वर्गात दिसत नाही. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून ती खोलीत पडलेली असते. उलट्या होतात, कंबर धरते, पेपर असेल तर गोळी घेऊन कशीबशी जाते. घरी फोन केला की आई समजूत घालते, “आम्हालाही असंच दुखायचं. लग्न झालं, एखादं लेकरू झालं, की थांबतं बघ.”

या बोलण्यात माया आहे. पण त्यातल्या पहिल्या वाक्यात आजाराचा एक महत्त्वाचा धागा दडलेला असतो आणि दुसऱ्या वाक्यामुळे मुलीची उपचाराची वर्षे वाया जातात.

या दुखण्यामागे एन्डोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढते. बीजकोषांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यांवर किंवा मूत्राशयावर. संप्रेरकांच्या चढउताराबरोबर तिथेही सूज येते, रक्त साकळते आणि कालांतराने आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. बीजकोषात जुने, गडद रक्त साठून गाठ होते, तिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात याचे एक कारण मांडले: पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते. मात्र असे बहुतेक स्त्रियांत होते आणि आजार काहींनाच होतो. म्हणून प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असल्याचे आज मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत अनेकींची चार ते बारा वर्षे जातात. सोळाव्या वर्षी दुखू लागलेल्या मुलीच्या बाबतीत या काळात अख्खे महाविद्यालयीन शिक्षण संपून जाते.

आईची पाळी हीसुद्धा माहिती

आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधल्या एन्डोमेट्रिओसिसचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे. म्हणूनच ‘मलाही असंच व्हायचं’ हे वाक्य मुलीला गप्प करण्यासाठी न वापरता डॉक्टरांना सांगावे. आपल्याला किती दुखायचे, मूल राहायला वेळ लागला का, गर्भपिशवी काढावी लागली का, हे आईने मोकळेपणाने सांगितले तर निदानाला मोठी मदत होते.

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात ओढल्यासारखे होणे आणि साध्या गोळीने थांबणे यात काळजीचे कारण नाही. पण कॉलेज बुडते, गोळी घेऊनही दुखणे थांबत नाही, पाळीच्या आधीपासून दुखू लागते, त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते, पोट फुगते, थकवा हटत नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे. तीन महिन्यांची साधी नोंद सोबत न्यावी: तारीख, दहापैकी किती दुखले, कोणती गोळी किती वेळा घेतली, काय काय बुडाले. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ही वही डॉक्टरांना जास्त सांगते.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी

अविवाहित मुलीची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच करतात. तीत चॉकलेट सिस्ट दिसू शकते, पण आजाराचे बारीक डाग सुटून जातात. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे मुलगी बहाणे करते असा अर्थ काढू नये. गरजेनुसार एमआरआय करता येतो. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ही अट सैल केली. लक्षणांवरून दाट शंका असेल तर औषधे सुरू करता येतात.

वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच, खाऊन आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावी. मेफ्टालसारख्या गोळ्या घराघरांत असतात, पण त्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये दिला आहे. अंगावर पुरळ, ताप किंवा सूज आल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

त्यापुढची पायरी हार्मोनच्या गोळ्यांची, आणि इथे बहुतेक घरे अडतात. ‘लग्नाआधी गर्भनिरोधक गोळ्या? पुढे मूल राहिलं नाही तर?’ या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. त्या बंद केल्यावर पाळी पूर्ववत होते. डायनोजेस्ट हे याच आजारासाठी दिले जाणारे औषध आहे. सुरुवातीला मधूनमधून डाग पडणे, डोके दुखणे, उदास वाटणे असे त्रास होऊ शकतात, ते डॉक्टरांना सांगावेत. अर्धशिशीचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तोही आधीच सांगावा. औषधे आजार मुळापासून काढत नाहीत, तो आटोक्यात ठेवतात. शस्त्रक्रिया लागलीच तर ती या आजाराचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावी. बीजकोषावरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत स्त्रीबीजांचा साठा घटण्याचा धोका असतो.

लग्न हा उपचार नाही

गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काहींचा त्रास तात्पुरता कमी होतो. पण आजार बरा करण्यासाठी मूल होऊ द्या, असा सल्ला देऊ नये, हे त्याच युरोपीय सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. हा आजार असलेल्या अनेकींना नैसर्गिकरीत्या मूल होते, काहींना अडचण येते. त्या भीतीने विशीतल्या मुलीचे घाईने लग्न लावून देणे हा अन्याय आहे.

दुसरा घाईचा उपाय मराठवाड्याला चांगलाच माहीत आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यांची कारणे वेगवेगळी होती, पण दुखण्यावर पिशवी काढणे हाच इलाज, ही समजूत आपल्याकडे किती खोल आहे ते यातून दिसते. एन्डोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो. पिशवी काढूनही तो मागे राहू शकतो.

घराने काय करावे

मुलगी अठरा वर्षांची झाली की उपचाराचा निर्णय तिचा. आईने सोबत जावे, पण डॉक्टरांशी एकटीने बोलायला तिला थोडा वेळ द्यावा. काही प्रश्न आईसमोर विचारता येत नाहीत. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी. पाळीच्या गोष्टी वडिलांपासून आणि भावापासून लपवल्या तर ऐन वेळी रुग्णालयात न्यायला कोणी नसते, म्हणून त्यांनाही आजार समजावून सांगावा. शस्त्रक्रियेचा खर्च परवडत नसेल तर घाटी या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र सांगतात. अचानक असह्य कळ, ताप, चक्कर, सतत उलट्या असे झाल्यास पाळी संपायची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्यावे. गाठ फुटलेली किंवा तिला पीळ पडलेला असू शकतो.

महाविद्यालयांनीही विचार करावा. केरळने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींना पाळीसाठी हजेरीत दोन टक्क्यांची सवलत दिली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या जोतिबा-सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राने यात मागे राहू नये.

आयांनो, तुमच्या वेळी विचारणारे कोणी नव्हते, म्हणून तुम्ही सोसले. तुमच्या लेकीला विचारायला तुम्ही आहात. पुढच्या पाळीत ती ‘दुखतंय’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.