नाताळचे हिरवे तोरण

सण आला की घर सजविण्याची इच्छा माणसाच्या मनात आपोआप जागी होते. गुढीपाडव्याला दारावर आंब्याचे डहाळे बांधतात, दसऱ्याला झेंडूच्या माळा लावतात, भाताच्या लोंब्या गुंफून त्यांचे तोरण करतात. या सजावटीचे साहित्य विकत आणण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्या ऋतूत जे रानात किंवा शेतात मिळते, तेच दारावर चढते. चैत्रात आंबा पालवलेला असतो, आश्विनात झेंडू बहरलेला असतो. निसर्ग देतो आणि माणूस गुंफतो.

परंतु ज्या ऋतूत निसर्गच रिता झालेला असतो, त्या ऋतूत सण आला तर घर कशाने सजवावे? उत्तर युरोपातील लोकांपुढे शतकानुशतके हाच प्रश्न उभा होता. तेथील सर्वांत मोठा सण म्हणजे नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा उत्सव २५ डिसेंबर रोजी, ऐन हिवाळ्यात येतो. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सुमारे अकरा तास आकाशात असतो. जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात मात्र दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. फिनलंडच्या अगदी उत्तर टोकाला तर कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. ओक, बीच यांसारख्या वृक्षांची पाने केव्हाच गळून पडलेली असतात. शेते बर्फाखाली झाकलेली असतात. दुपारी चार वाजताच घरात दिवे लावावे लागतात. अशा उदास दिवसांत तेथील माणसांनी घर सजविण्याची जी रीत शोधून काढली, ती साधी आहे, सौम्य आहे आणि मोठी विचार करण्यासारखी आहे.

सारे रान निष्पर्ण झाले, तरी काही झाडे हिरवीच राहतात. फर, स्प्रूस, पाइन हे सूचिपर्णी वृक्ष त्यांपैकीच होत. आपल्या हिमालयातील देवदार आणि चीड हे त्यांचे भाऊबंद. हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे मुळांना पाणी मिळेनासे होते. रुंद पानांतून मात्र पाण्याची वाफ होतच राहते. पाणी येत नाही आणि जाणे थांबत नाही, असा बिकट प्रसंग ओढवू नये, म्हणून अनेक वृक्ष आपली पाने आधीच गाळून टाकतात. सूचिपर्णी वृक्षांची पाने सुईसारखी बारीक असतात. त्यांवर मेणाचा पातळ थर असतो. म्हणून त्यांतून पाणी फारच थोडे उडून जाते आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. खोडाला जखम झाली, तर तिच्यातून राळ स्रवते व जखम बुजते. या राळेचाच मंद सुवास फरची फांदी घरात आणताच दरवळू लागतो.

जे थंडीत मरत नाही, ते जीवनाचे चिन्ह, असे प्राचीन लोकांना वाटले तर त्यात नवल नाही. डिसेंबर महिन्यात येणाऱ्या आपल्या सॅटर्नेलिया या उत्सवात रोमन लोक सदाहरित फांद्यांनी घरे शृंगारीत असत. पुढे ख्रिस्ती लोकांनीही ही हिरवाई आपलीशी केली. इंग्लंडमध्ये हॉली आणि आयव्ही यांना मान मिळाला. हॉलीची पाने जाड, चकचकीत आणि काटेरी असतात, तर फळे गुंजेसारखी लालभडक असतात. आयव्ही ही भिंतीवर चढणारी वेल. तिसरे मिसलटो. हे नाव परके वाटले, तरी ही वनस्पती आपल्या ओळखीच्या कुळातील आहे. आंब्याच्या फांदीवर उगवून त्याचाच रस शोषणारे बांडगूळ खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मिसलटो हे तशाच जातीचे. आपला शेतकरी बांडगूळ दिसताच कापून टाकतो. इंग्लंडमधील माणूस मात्र मोत्यांसारखी पांढरी फळे असलेली त्याची डहाळी नाताळात दारावर टांगतो. एकाच प्रकारची वनस्पती एका देशात उपद्रवी ठरते, तर दुसऱ्या देशात मंगल मानली जाते.

फांद्यांच्या जागी अख्खे झाड घरात आणण्याची चाल जर्मन भाषिक प्रदेशात रूढ झाली. स्ट्रासबुर्ग येथील लोक आपल्या दिवाणखान्यात फरचे झाड उभे करतात आणि त्यावर कागदी गुलाब व सफरचंदे टांगतात, अशी नोंद १६०५ साली केलेली आढळते. पुढे १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचे पती आल्बर्ट व त्यांची मुले सजविलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापून आले. त्यानंतर ही चाल इंग्लंडमधील घराघरांत आणि पुढे जगभर पसरली. प्रारंभीच्या झाडांवरचे अलंकार पाहिले, तर ते सारे खाण्याचे किंवा हाताने बनविलेले होते, हे ध्यानात येते. काचेचे चमकदार गोळे, झगमगत्या पट्ट्या ही सर्व मंडळी मागाहून आली.

हिरवाईनंतरचे दुसरे साहित्य म्हणजे धान्याचे काड. कापणी संपली, दाणे कणगीत गेले की मागे सोनेरी काड उरते. फिनलंडमधील शेतकरी हिवाळ्याच्या लांब रात्री राय नावाच्या धान्याच्या काडाचे तुकडे कापतात, त्यांच्या पोकळीतून दोरा ओवतात आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडून आठ पृष्ठांच्या सुबक आकृती तयार करतात. लहानमोठ्या आकृत्या एकमेकींना लटकविल्या की एक हलके झुंबर होते. त्याला ‘हिम्मेली’ असे म्हणतात. आकाश या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले आहे. हे झुंबर जेवणाच्या मेजावर टांगतात. दार उघडताच येणाऱ्या झुळकेनेही ते संथपणे फिरू लागते. हिम्मेली जितकी मोठी, तितके पुढील वर्षीचे पीक चांगले, अशी जुन्या लोकांची समजूत होती. भूमितीचा हा सुंदर पाठ कोणत्याही शाळेत न गेलेल्या हातांनीही गिरविला. स्वीडनमध्ये अशाच काडाचे तारे व बोकड तयार करून त्यांना तांबड्या दोऱ्याने बांधतात.

पाइनच्या झाडाखाली पडलेली शंकूच्या आकाराची फळेही मुले टोपलीत वेचून आणतात. या शंकूंची एक गंमत आहे. रानातून ओले आणलेले शंकू मिटलेले असतात. उबदार खोलीत ठेवले की दोनचार दिवसांत त्यांचे खवले फुलासारखे उमलतात. पुन्हा पाण्यात टाकले की ते मिटतात. खवल्याचा बाहेरचा थर पाणी शोषून अधिक फुगतो, म्हणून खवला आत वळतो. तो थर सुकला की खवला बाहेर वळतो. कोरड्या हवेत खवले उघडावेत आणि बी वाऱ्यावर दूर जावे, यासाठी झाडाने केलेली ही योजना आहे. शंकूंच्या जोडीला संत्र्याच्या गोल चकत्या मंद आचेवर वाळवून माळेत ओवतात. त्या उजेडासमोर धरल्या की रंगीत काचेसारख्या दिसतात. माळेत मधूनमधून दालचिनीच्या कांड्या असतात. मलबार आणि श्रीलंका येथील दालचिनीचा सुगंध अशा रीतीने हजारो मैलांवरच्या बर्फाळ गावातील घरात दरवळतो.

हिरवाई आली, सुवास आला, तरी अंधार उरतोच. त्यासाठी दिवा हवा. या दिव्याची एक हृद्य हकीकत आहे. योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मसेवकाने १८३३ साली हॅम्बर्गजवळ अनाथ व निर्धन मुलांसाठी एक आश्रम काढला. डिसेंबर उजाडला की तेथील मुले ‘नाताळ केव्हा येणार?’ असे त्यांना रोज विचारीत, असे सांगतात. विखर्न यांनी १८३९ साली गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या. नाताळपूर्वीच्या चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक मेणबत्ती अधिक लागे. दिवस मोजता मोजता मुले अंकही शिकली. बाहेर रात्र मोठी होत होती आणि आत उजेड वाढत होता. पुढे काही वर्षांनी त्या चाकाला फरच्या फांद्या गुंडाळू लागले. आज अनेक देशांतील घरांत नाताळपूर्वी चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र ठेवतात. त्याचे मूळ राजवाड्यात सापडत नाही, तर पोरक्या मुलांच्या खोलीतील त्या जुन्या चाकात सापडते.

अशा साहित्याने घर सजविताना उधळपट्टीपेक्षा निवड महत्त्वाची असते. हिरवा, काडाचा सोनेरी, लाकडाचा तपकिरी आणि मेणाचा पांढरा असे मोजकेच रंग घेतात. हॉलीच्या फळांचा तांबडा रंग कपाळावरील कुंकवासारखा, एखाद्याच ठिकाणी. दारावर एक हिरवे चक्र, खिडकीत एक काडाचा तारा, मेजावर चार शंकू आणि मधोमध एक ज्योत, एवढे पुरे होते. सर्वच कोपरे भरून टाकले, तर नजरेला विसाव्याची जागा राहत नाही. मोकळी भिंत हीसुद्धा सजावटीचाच एक भाग असते.

निसर्गातील वस्तू वापरताना काही नियमही पाळावे लागतात. वाळलेली फांदी पाहता पाहता पेट घेते, म्हणून ज्योत तिच्यापासून दूर ठेवावी लागते. पूर्वी झाडावरच खऱ्या मेणबत्त्या लावीत आणि त्यामुळे घरांना आगी लागत. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर विजेचे ऐंशी दिवे लावले, तेव्हापासून या धोक्यावर उपाय सापडला. हॉली व मिसलटो यांची फळे दिसायला मोहक असली, तरी माणसाला ती विषारी आहेत. पक्ष्यांना मात्र ती हिवाळ्यातील अन्न म्हणून उपयोगी पडतात. सारी फळे माणसानेच तोडून नेली, तर पक्ष्यांनी काय खावे? हा विचार नॉर्वे व स्वीडनच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच केला. नाताळच्या वेळी ते ओटची एक पेंढी न झोडपता उंच काठीवर बांधून अंगणात उभी करतात. घरातील मेजवानी सुरू असताना बाहेर चिमण्यांचीही पंगत बसते.

सण संपल्यावर सजावटीचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला झाड घराबाहेर काढतात. झाडाचा भुगा करून तो बागेत पसरतात. काड आणि फांद्या कुजून मातीत मिसळतात. काडाचे तारे जपून ठेवले, तर पुढील वर्षीही उपयोगी पडतात. प्लॅस्टिकची चमकी मात्र मातीत मिसळत नाही. तिचे कण पाण्यावाटे नद्यांत व समुद्रात जातात. म्हणूनच युरोपीय संघाने २०२३ साली प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. जुन्या लोकांची रीत केवळ सुंदरच नव्हती, तर शहाणपणाचीही होती, हे आज जगाला नव्याने उमगत आहे.

या सर्व साधेपणाच्या मुळाशी नाताळची मूळ कथाच आहे. धर्मशाळेत जागा न मिळाल्यामुळे येशूला जन्मतःच गव्हाणीत ठेवावे लागले, असे बायबल सांगते. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाण, वाळलेले गवत, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे उभा केला. पोलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला जेवणाच्या मेजावर पांढऱ्या कापडाखाली थोडे गवत पसरतात, ते त्या गव्हाणीच्या स्मरणार्थ. त्याच मेजावर एक ताट अधिक मांडतात. ते घरातील कोणाचेही नसते. अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी ते असते.

तीच गव्हाण गोव्यात आणि वसईतही भेटते. ‘नाताळ’ हा शब्दच जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे पेंढा, माती आणि बांबू यांचा गोठा उभारतात. काही दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरून त्यांची कोवळी रोपे वाढवितात आणि गोठ्याभोवती हिरवेगार शेत तयार करतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या घरांना ही रीत मुळीच परकी वाटणार नाही. येथे फर नाही, बर्फही नाही. परंतु बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेला तारा दारावर झळकतो आणि त्याच्या मंद उजेडात येणारेजाणारे क्षणभर थांबतात.

घराची शोभा वस्तूंच्या किमतीवर अवलंबून नसते. एक हिरवी फांदी, चार काड्या आणि एक दिवा एवढ्यावरही सण साजरा होतो. मात्र घरातील उजेडात शेजाऱ्याला, अंगणातील पाखराला आणि अवचित येणाऱ्या पाहुण्याला जागा असावी लागते.