मोटारींना मज्जाव, ट्रॅक्टरला मुभा

फ्रायबुर्ग, जर्मनी

जर्मनीत दर हजार माणसांमागे पावणेसहाशेहून जास्त मोटारी आहेत. हा आकडा आधीच सांगितलेला बरा. इथल्या जंगलातल्या रस्त्यांचे फोटो कोकणात, आमच्या कट्टा गावी पाठवले की घरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रस्त्यार कोणच दिसना नाय, थय मोटारी नाय काय?" मोटारी रग्गड आहेत. माणसं त्यांच्यावर जीव टाकतात, शनिवारी धुऊन पुसून ठेवतात. तरीसुद्धा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, डांबरी रस्त्यावर, दुपारभर सायकल चालवावी आणि वाटेत एक दुधाचा टँकर नि दोन ट्रॅक्टर भेटावेत, हे इथं नेहमीचं आहे. ते कसं जमतं, तेवढंच या पत्रात सांगायचं आहे.

श्वार्त्सवाल्ड, म्हणजे बाहेरच्या जगाचं ब्लॅक फॉरेस्ट, ही जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातली डोंगररांग. केकमुळे नाव आपल्या बेकऱ्यांपर्यंत पोचलंय. सर्वांत उंच माथा फेल्डबेर्ग, 1493 मीटर. फ्रायबुर्ग या रांगेच्या पश्चिम पायथ्याशी आहे, आणि इथून डोंगरात चढणारा मोठा रस्ता एकच, बी-31. एका अरुंद दरीतून तो वर जातो. 1770 मध्ये मारी आंत्वानेत लग्नासाठी व्हिएन्नाहून फ्रान्सला निघाली, तेव्हा तिच्या बग्ग्या जाव्यात म्हणून या दरीतली वाट रुंद केली होती. आता तिथून मालाचे ट्रक धडधडतात. शेजारून 1887 पासून रेल्वेही जाते. सगळी वर्दळ, सगळा धूर, सगळा आवाज त्या एका दरीत कोंबलेला आहे. शहाणा सायकलवाला तिकडं फिरकत नाही.

तो फिरतो ते रस्ते ओळखायचे कसे? फाट्यावर लाल कडेची गोल पांढरी पाटी असते. आत काळ्या रंगात वर मोटारसायकल, खाली मोटार. याचा अर्थ मोटारवाहनांना बंदी. त्याखाली एक लहान आडवी पाटी असते: शेतीच्या आणि जंगलाच्या कामाच्या वाहनांना मुभा. कुठं असंही लिहिलेलं असतं, की ज्याचं त्या रस्त्यावर काम आहे त्यानं जावं. म्हणजे त्या बाजूचा शेतकरी, त्याचे पाहुणे, पोस्टमन. सायकल मोटारवाहन नसल्यामुळे तिला या पाटीची बंदीच लागू होत नाही. वेगळा सायकल ट्रॅक नाही, रंगवलेला पट्टा नाही, उद्घाटनाचा फलक नाही. ट्रॅक्टरसाठी केलेला रस्ता फुकटात सायकलला मिळाला.

आता हे ट्रॅक्टरचे रस्ते एवढे आले कुठून? इथं कट्टेकराला जरा घरच्यासारखं वाटेल. डोंगराच्या या भागात घरं एका जागी दाटीनं नसतात. आपल्या वाड्यांहूनही सुटी. उतारावर एक मोठं कौलारू घर, त्याचा छपराचा पसारा जमिनीजवळ आलेला, खाली गोठा, वर गवताचा माळा, भोवती कुरण आणि माथ्यावर त्याच शेतकऱ्याचं रान. पुढचं घर पाऊण किलोमीटरवर. कारण वारसा वाटायचा नाही, अशी रीत. घर, कुरण, जंगल सगळं एकाच मुलाच्या नावावर जायचं, आणि कित्येक खोऱ्यांत तो सगळ्यांत धाकटा असायचा. थोरल्यांनी दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून राहावं, नाहीतर घड्याळं किंवा काचसामान विकत परमुलखात हिंडावं. अन्यायच तो. पण जमीन अखंड राहिली आणि प्रत्येक घरापर्यंत एक स्वतंत्र वाट आली. पुढं 1953 मध्ये जमीन एकत्रीकरणाचा राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या पैशातून देशभर शेतरस्ते पक्के झाले. तुकडेबंदी नि एकत्रीकरणाचा कायदा आपल्याकडे त्याच्याही आधी, 1947 मध्ये आला. कोकणात त्याचं काय झालं ते एकाच सातबाऱ्यावरची पन्नास नावं वाचताना तलाठ्याला विचारावं.

हे शेतरस्ते मोटारीच्या दृष्टीनं बहुतेक आंधळे. शेवटच्या गोठ्यापाशी संपतात. तिथून पुढं जंगलातली लाकूड ओढायची खडीची वाट लागते, तिच्या तोंडाशी लोखंडी आडणा असतो, आडण्याच्या कडेला सायकल जाईल एवढी फट. ती वाट डोंगराची सोंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या शेतरस्त्याला मिळते. मोटारीचा नकाशा जिथं तुटतो तिथं सायकलचा जोडला जातो, आणि या परिसरातल्या शांततेचं गुपित मला तरी एवढंच दिसतं. 1975 च्या वनकायद्यानं विरंगुळ्यासाठी जंगलात फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय, जंगल सरकारी असो, गावाचं असो की खासगी. सायकललाही तो आहे, मात्र रस्त्यांवरूनच.

जंगल मात्र आपण समजतो तसं आदिम नाही. अठराव्या शतकात हे डोंगर बरेचसे उघडे पडले होते. काचेच्या भट्ट्या, खाणी आणि सोटासारखे देवदार ऱ्हाइन नदीतून तराफ्यांनी हॉलंडला नेणारे व्यापारी यांनी रान साफ केलं. नंतर सरकारनं भराभर वाढणारा स्प्रूस लावला, रांगेत, एकाच वयाचा. म्हणून काही ठिकाणी सायकलवरून दिसतात ती झाडं म्हणजे पीकच. 26 डिसेंबर 1999 च्या लोथार वादळात त्यातली कितीतरी एका दिवसात आडवी झाली. आता साल पोखरणारा किडा आणि कोरडे उन्हाळे उरलेल्यांच्या मागे लागलेत. रस्त्याकडेला ओंडक्यांच्या राशी असतात, टोकांवर रंगानं नंबर फवारलेले, राळेचा वास दूरवर येतो. तोड चालू असेल तर वाटेवर आडवी पट्टी बांधून 'जिवाला धोका' अशी पाटी लावतात. तिथं "बघूया जाऊन" म्हणायचं नाही. एका माणसाचं यंत्र झाड कापून, फांद्या सोलून, तुकडे करून मोकळं होतं; त्याच्या खोलीतून सायकलवाला दिसेलच असं नाही.

एक फसवणूक सांगून ठेवतो. मोटाररस्ता वळसे घेत, हळूहळू चढतो. शेतरस्ता कुणाच्या कमरेचा विचार करत नाही, सरळ अंगावर येतो. शंभर मीटरला पंधरा-वीस मीटर चढ म्हटल्यावर तरणाबांड गडीसुद्धा उतरून सायकल ढकलू लागतो. मग शेजारून सत्तरीच्या आजीबाई बॅटरीच्या सायकलवर, धाप न लागता, नमस्कार करत पुढं जातात. 250 वॅटची मोटर, ताशी 25 किलोमीटरपर्यंत साथ, आणि पायडल मारलं तरच चालणार, एवढ्या अटीत बसली तर कायद्याच्या लेखी ती साधी सायकलच. लायसन नको, नंबरप्लेट नको. 2023 मध्ये जर्मनीत साध्या सायकलींपेक्षा अशा सायकली जास्त विकल्या गेल्या. या डोंगरांचं म्हातारपण तिनं बदलून टाकलंय.

सगळं गोडीगुलाबीनं चाललंय, असं मात्र समजू नका. या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. पायी हिंडणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना ती हवी आहे, सायकलवाल्यांना नको. 2013-14 च्या सुमारास हजारो सह्या विधिमंडळात गेल्या, नियम तसाच राहिला. प्रत्यक्षात टेप घेऊन वाट मोजणारा कुणी भेटत नाही. भेटतो तो काठीवाला आजोबा, आणि त्याची नजर पुरते.

दुसरं भांडण मोटारसायकलींचं. फ्रायबुर्गच्या डोक्यावर शाउइन्सलांड म्हणून 1284 मीटरचा डोंगर आहे. त्याच्या वळणांवर 1925 ते 1984 या काळात मोटारींच्या चढाईच्या शर्यती व्हायच्या. शर्यती थांबल्या तरी चटक राहिली. आता उन्हाळी हंगामात शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींना त्या रस्त्यावर बंदी असते, मोटारी चालतात. मोटारसायकलवाले म्हणतात हा दुजाभाव आहे. आहेच. पण खाली दरीत राहणाऱ्यांना रविवारची दुपार परत मिळाली, तेव्हा ते कुणाची बाजू घेणार! गंमत अशी की सायकल आणि मोटार, दोघांचं माहेर याच बाडेन प्रांतात. 1817 मध्ये कार्ल द्राइस मानहाइममध्ये आपलं पायडल नसलेलं दुचाकी यंत्र पायांनी रेटत बाहेर पडला, आणि 1888 मध्ये बेर्टा बेन्झ त्याच मानहाइमहून नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मुलांसह फोर्त्सहाइमला, माहेरी गेली.

आता आपल्याकडचं. चौके-कट्टा रस्त्यावर किंवा धामापूरच्या तलावाकडं सकाळी सातच्या आत सायकल काढली तर श्वार्त्सवाल्डनं मान खाली घालावी अशी झाडी आहे. काजू, आंबा, मध्ये सडा, पुन्हा राई. साडेआठनंतर चिऱ्यांचे डंपर सुरू होतात आणि सायकलवाला गटारात. खरं तर रस्ते आपल्याकडे कमी नाहीत. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे, त्याखाली वाडीवाडीतल्या पाणंदी. पण ही उतरंड कुणी किती रुंद करायचा नि खर्च कुणी करायचा, एवढ्यापुरती. कुणी कुठून जायचं नाही, हे ती सांगत नाही. ग्रामीण मार्गाला डांबर पडलं की आठवडाभरात डंपरवाल्याला जवळची वाट सापडते. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 115 नं राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनं बंद करण्याचा अधिकार दिलेला आहे, म्हणजे कायद्याची वाण नाही. माथेरानला मोटारी बंद ठेवून आपण ते निभावलेलंही आहे. चिरेखाणीवर पोट असलेल्या गावात ही पाटी लावायला कोण पुढं येईल, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर फ्रायबुर्गमध्ये बसून देणं सोपं, म्हणून देत नाही. इथल्या शेतकऱ्याला पाटी परवडली, कारण ट्रॅक्टर त्याचा होता आणि रस्ताही त्याच्याच कामाचा होता.

कुणाचा मुलगा-मुलगी इथं शिकायला असेल आणि आई-वडील भेटीला येणार असतील, तर मे ते सप्टेंबर बघा. नोव्हेंबरनंतर वरच्या वाटांवर बर्फ असतो. पहिल्या दिवशी चढाच्या नादी लागू नका. लोकल गाडीत सायकल चढवता येते, आठवड्याच्या दिवशी सकाळी 9 नंतर तिला तिकीट पडत नाही. हिंटरत्सार्टनला उतरा. तिथून ब्राइटनाउ, मग सांक्ट मेर्गेन, मग सांक्ट पेटर. शेवटच्या दोन्ही गावांत जुळ्या मनोऱ्यांचे जुने मठ आहेत. तिथून पुढं उतारच उतार, फ्रायबुर्गपर्यंत. पांढऱ्या पाट्यांवर हिरव्या अक्षरांत गावांची नावं नि किलोमीटर असतात, त्यांवर सायकलचं चित्र असतं, त्याच पाट्या धरायच्या. ब्रेक आदल्या रात्री तपासा. वाटेत लाकडी कुंडीत धो धो पडणारं झऱ्याचं पाणी दिसेल, त्यावर पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, ते आधी पाहा. गोठ्याबाहेर कुठं छोटा फ्रिज ठेवलेला असतो, त्यात दूध, अंडी, चीज. शेजारी पैशांचा डबा, राखण करायला कुणी नाही. सुटे युरो खिशात ठेवा, मोड द्यायलाही तिथं कुणी नसतं.