माचा-लाटे : न विरघळणाऱ्या चहाचे पेय

चहा म्हणजे पानांचा अर्क, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. उकळत्या पाण्यात पाने टाकावीत, त्यांतील विद्राव्य अंश पाण्यात उतरू द्यावा आणि उरलेला चोथा गाळणीत धरून टाकून द्यावा, ही रीत महाराष्ट्रातील घराघरांत इतकी रुळली आहे की, चहाची दुसरी एखादी तऱ्हा असू शकेल हे सहसा मनात येत नाही. जपानमधील ‘माचा’ हा चहा या समजुतीला अपवाद आहे. यात पानांची अत्यंत बारीक पूड करून ती पाण्यात घुसळतात आणि पाण्यासह पिऊन टाकतात. गाळणीला येथे कामच उरत नाही.

हीच हिरवी पूड दुधात मिसळून केलेले ‘माचा-लाटे’ हे पेय अलीकडच्या काळात जगातील अनेक शहरांप्रमाणे मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतही मिळू लागले आहे. ‘लाटे’ या इटालियन शब्दाचा अर्थ केवळ ‘दूध’ असा आहे. हे पेय घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा तीन असतात : गुठळ्या तरंगतात, तळाशी गाळ बसतो आणि चव कडवट लागते. पूड महाग असल्यामुळे प्रत्येक फसलेला पेला मनाला लागतो. या दोषांची कारणे एकदा नीट समजली, तर ते टाळणे मुळीच अवघड नाही. त्यांचे मूळ एका साध्या वस्तुस्थितीत आहे, ती ही की, माचा विरघळत नाही. साखरेप्रमाणे त्याचे द्रावण होत नाही. पानाचे सूक्ष्म कण द्रवात केवळ तरंगत राहतात. अशा मिश्रणास रसायनशास्त्रात ‘निलंबन’ म्हणतात. माचा-लाटे करण्याची सर्व कृती म्हणजे हे निलंबन नीट घडविण्याची आणि काही काळ टिकविण्याची कृती होय.

पूड कशी सिद्ध होते

माचाचे झाड आपल्या नेहमीच्या चहाचेच, म्हणजे ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ हेच आहे. वेगळेपण आहे ते लागवडीच्या आणि प्रक्रियेच्या पद्धतीत. खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे मळ्यावर आच्छादन घालून झाडांना सावलीत ठेवतात. चहाच्या मुळांत ‘थिआनीन’ नावाचे एक ॲमिनो आम्ल तयार होते आणि ते पानांत चढते. पानांवर ऊन पडले की त्याचा मोठा भाग खर्ची पडून तुरट चवीची ‘कॅटेचिन’ द्रव्ये वाढतात. सावलीत हा क्रम मंदावतो. त्यामुळे पानांत थिआनीन अधिक राहते, तुरटपणा कमी होतो आणि अपुऱ्या प्रकाशाची भरपाई करण्यासाठी पान हरितद्रव्य वाढविते. माचाचा गर्द हिरवा रंग आणि त्याची गोडसर, भरीव चव यांचे मूळ या सावलीत आहे. थिआनीन हे हिरव्या चहाचे घटकद्रव्य असल्याचे जपानमध्ये १९४९ साली प्रथम दिसून आले.

खुडलेल्या पानांना लगेच वाफ देतात. वाफेच्या उष्णतेने पान काळवंडविणारी विकरे निष्क्रिय होतात. नंतर पाने न वळता वाळवितात, देठ व शिरा काढून टाकतात आणि उरलेला पातळ पर्णभाग दगडी जात्यात दळतात. हे जाते मुद्दाम संथ फिरविले जाते. वेग वाढविल्यास घर्षणाने पूड तापते आणि तिचा रंग व गंध दोन्ही बिघडतात. त्यामुळे एका जात्यातून तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड निघते. किंमत अधिक असण्याचे एक मोठे कारण हेच आहे. २०२३ मध्ये जपानमधील माचाचे उत्पादन चार हजार टनांहून अधिक झाले. २०१२ च्या मानाने ही वाढ जवळजवळ तिप्पट होती. तरीही मागणी एवढी वाढली की, २०२४ च्या शरद ऋतूत क्योतो येथील काही जुन्या व्यापाऱ्यांना विक्रीवर मर्यादा घालाव्या लागल्या.

चहाची पूड घुसळण्याची पद्धत मूळची चीनमधील आहे. सोंग राजवटीत ती तेथे भरास आली होती. सम्राट ह्वेइझोंग याने १२ व्या शतकाच्या आरंभी चहावर एक ग्रंथच रचला. एइसाई (११४१–१२१५) हा जपानी बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनमधून परतला. त्याने चहाचे बी बरोबर आणले असे परंपरा सांगते, आणि पुढे चहाच्या आरोग्यदायी गुणांवर त्याने एक ग्रंथ लिहिला. चीनमध्ये मात्र १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवू याने नजराण्यात चहाच्या वड्यांऐवजी सुटी पाने घ्यावीत असे फर्मान काढले. त्यानंतर तेथे पाने भिजवून पिण्याचा प्रघात पक्का झाला आणि पुडीचा चहा मागे पडला. जपानने तो जपला. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या काळापर्यंत त्याला चहाविधीचे संयत रूप प्राप्त झाले होते, आणि क्योतोजवळील उजी हा परगणा उत्तम माचासाठी नावाजला गेला होता. या विधीत दुधाला स्थान नाही. दुधाची जोड ही आधुनिक उपाहारगृहांची देणगी आहे.

गुठळी का होते

माचाचे कण बहुतांशी ५ ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांहूनही लहान असतात. इतके सूक्ष्म कण कोरडे असतानाच एकमेकांस चिकटून त्यांचे लहान लहान गोळे होतात. असा गोळा पाण्यात पडला की, बाहेरचे कण भिजतात, फुगतात आणि त्यांचे दाट आवरण बनते. आतील कोरडी पूड व तीत अडकलेली हवा या आवरणात कोंडली जाते. हवेमुळे गोळा तरंगतो आणि आवरणामुळे आत पाणी शिरत नाही. हीच गुठळी होय.

ती मोडावयाची तर तिच्यावर घासणारे बल पडले पाहिजे. पातळ द्रवात चमचा कितीही फिरविला, तरी गुठळी प्रवाहाबरोबर वाहत जाते, तिच्यावर ताण फारसा पडत नाही. दाट मिश्रणात मात्र थरावर थर घासले जातात आणि त्या घर्षणाने गुठळी फुटते. आपल्या गृहिणींना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक आहे. पिठल्यासाठी डाळीचे पीठ कालविताना प्रथम थोडेच पाणी घालून दाटसर भिजवितात, गुठळ्या मोडतात आणि मगच ते पातळ करतात. माचाचाही नियम तंतोतंत हाच आहे. सगळ्या दुधात पूड टाकून नंतर ढवळत बसणे, ही चूक सर्वांत अधिक आढळते.

तळाशी गाळ बसण्याचे कारणही कणांच्या आकारात आहे. द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा कणांइतक्या व्यासाचा गोळा तयार झाल्यास, आणि तो पाण्याने पुरता भिजलेला असल्यास, तो सुट्या कणाच्या मानाने सुमारे शंभरपट वेगाने तळ गाठू शकतो. म्हणून गुठळ्या मोडल्या की गाळही आपोआप कमी होतो. तो पूर्णपणे टाळता येत नाही. पेय तयार होताच प्यावे आणि मधूनमधून पेला हलवावा, हे इष्ट.

दुधाचे कार्य

दूध हे स्वतःच एक मिश्र रचना आहे. स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब आणि केसीन या प्रथिनाचे त्याहूनही लहान पुंज त्यात तरंगत असतात. जिभेला साधारण २५ मायक्रॉनहून लहान कण वेगळे जाणवत नाहीत. म्हणून नीट कालविलेला माचा दुधात मिसळल्यावर मऊ व एकजीव लागतो. एखादी गुठळी राहिली, तर तेवढीच खरखरीत आणि कडू लागते. शिवाय कॅटेचिन द्रव्ये केसीनशी जोडली जातात आणि तुरटपणा सौम्य होतो.

पेयाला साईसारखा दाटपणा येतो तो स्निग्धांश आणि बारीक फेस या दोहोंमुळे. दूध घुसळताना प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पटल तयार करतात. कोमट दुधात स्निग्धांश अर्धवट घन असतो. त्याचे स्फटिक ही पटले भेदतात आणि फेस बसतो. ४० अंश सेल्सिअसच्या वर स्निग्धांश पूर्ण वितळतो व हा अडथळा दूर होतो. उलट ७० अंशांच्या पुढे दुधातील इतर प्रथिनांत बदल होऊ लागून उकळल्याचा वास येतो. सबब ६० ते ६५ अंश ही मर्यादा सर्वांत सोयीची आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने पेय अधिक दाट होते. गाईच्या दुधात माचाचा गंध अधिक स्पष्ट राहतो.

माचा दुधात घालून उकळणे मात्र सर्वथा टाळावे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. दीर्घ उष्णतेने तो निसटतो, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरवा रंग मळकट तपकिरी होतो. अति उष्ण पाण्यात कॅटेचिन व कॅफीन अधिक प्रमाणात उतरून कडवटपणाही वाढतो. थिआनीन मात्र त्यामानाने कमी उष्णतेतही सहज उतरते.

कृती

एका पेल्यासाठी २ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, माचा घ्यावा. बारीक जाळीच्या गाळणीतून तो रुंद वाटीत चाळून घ्यावा. कोरडे गोळे येथेच मोडतात. साखर हवी असल्यास ती याच वेळी पुडीत मिसळावी. साखरेच्या कणांमुळे पुडीचे कण एकमेकांपासून दूर राहतात. गुळाने हिरवा रंग झाकोळतो आणि गरम दूध नासण्याचा संभव असतो, म्हणून तो टाळलेला बरा.

पाणी उकळून खाली उतरवावे व काही मिनिटे निवू द्यावे, म्हणजे ते ७५ ते ८० अंशांवर येते. त्यातील प्रथम दोन चमचे पाणी घालून पूड गुळगुळीत होईपर्यंत कालवावी. नंतर आणखी थोडे पाणी घालावे. सर्व मिळून ३० ते ४० मिलिलिटर पुरेसे होते. जपानमध्ये यासाठी बांबूच्या एकाच तुकड्यास चिरून केलेला, बारीक काड्यांचा घुसळा वापरतात. त्याला ‘चासेन’ म्हणतात. तो गोल न फिरविता मनगटाने जलद पुढे-मागे हलवावा. चासेन नसल्यास लहान विजेरी घुसळणी किंवा छोटी रवीही चालते.

आधी तापवून ठेवलेले १५० मिलिलिटर दूध पुन्हा गरम करावे. वाफ निघू लागली, पण कडेला बुडबुडे धरले नाहीत, अशा वेळी ते उतरवावे आणि फेस येईपर्यंत घुसळावे. भांडे ओट्यावर हळूच आपटले की मोठे बुडबुडे फुटतात आणि बारीक फेस राहतो. दूध माचावर हळूहळू ओतावे व फेस शेवटी वर सोडावा. थंड पेय हवे असल्यास माचा याच रीतीने कोमट पाण्यात कालवून मग थंड दुधात ओतावा. कोरडी पूड थंड दुधात कधीही टाकू नये.

निवड, साठवण आणि सेवन

चांगला माचा उजळ हिरवा, गंधाला ताजा आणि बोटांत घासल्यास रेशमासारखा मऊ लागतो. पिवळट किंवा तपकिरी पूड जुनी अथवा सावलीत न वाढविलेल्या पानांची असण्याचा संभव असतो. वेष्टनावरील ‘समारंभयोग्य’ या अर्थाचे शब्द कोणत्याही सर्वमान्य मानकाने बांधलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२२ मध्ये माचाविषयी तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला, परंतु तोही अशी प्रतवारी ठरवीत नाही. तेव्हा ग्राहकाने शब्दांपेक्षा उत्पादनस्थळ आणि दळल्याची तारीख पाहावी. प्रकाश, हवा व आर्द्रता हे या पुडीचे शत्रू होत. कोकणातील पावसाळ्यात तर विशेष काळजी घ्यावी. डबा शीतपेटीत ठेवल्यास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव धरते.

पान संपूर्ण पोटात जात असल्यामुळे त्याचे गुण आणि दोष दोन्ही अधिक प्रमाणात येतात. २ ग्रॅम माचात सामान्यतः ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंताजनक नसल्याचे मत दिले. पानात शिसे असल्यास गाळलेल्या चहात त्याचा बराचसा अंश चोथ्याबरोबर टाकला जातो. माचात ती सोय नाही. म्हणून विश्वसनीय ठिकाणचीच पूड घ्यावी.

आपल्याकडे याहून महत्त्वाचा प्रश्न लोहाचा आहे. चहातील कॅटेचिन द्रव्ये धान्य, कडधान्य व पालेभाज्या यांतील लोहाचे शोषण कमी करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्यांचा आहार मुख्यत्वे भाजी-भाकरीचा आहे, त्यांनी हे पेय जेवणाबरोबर न घेता दोन जेवणांच्या मध्ये, निदान तासाभराच्या अंतराने घ्यावे. ही सावधगिरी आपल्या नेहमीच्या चहालाही तितकीच लागू आहे. ती पाळणाऱ्यास दिवसाकाठी एक पेला माचा-लाटे निःशंकपणे घेता येईल, आणि वरील क्रमाने केल्यास त्याच्या तळाशी मोलाची पूड वाया गेलेली दिसणार नाही.