जिमची पाटी, डडलीचे हात

मला गिटार वाजवता येत नाही. जुने व्हॉल्व्ह रेडिओ उघडून बघायच्या नादात मी कधीतरी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरांकडे वळलो आणि मार्शल कंपनीच्या पहिल्यावहिल्या अ‍ॅम्पपाशी, जेटीएम४५पाशी, जो अडकलो तो अडकलोच. रॉकच्या मैफलीत वादकामागे रचलेली मार्शलची काळी भिंत कुणी पाहिली नाही? तिची कथाही तोंडपाठ असते. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल, तिथे जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान, पीट टाऊनशेंड आणि रिची ब्लॅकमोर यांच्यासारखी गिऱ्हाइकं, दणदणीत आवाजाची त्यांची मागणी आणि ती पुरी करणारा जिम, म्हणजे ‘आवाजाचा बाप’. पुढचं क्लॅप्टन-हेंड्रिक्स पुराण इथे लावत नाही.

कथेत एकच गोम आहे. जिमला अ‍ॅम्प बनवता येत नव्हता, आणि ही गोष्ट त्याने लपवलीही नाही.

अ‍ॅम्प बनवला तो मुख्यतः डडली क्रेव्हन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने. तो ईएमआय कंपनीत शिकाऊ उमेदवार होता. जिमच्या दुकानात दुरुस्तीचं काम बघणाऱ्या केन ब्रॅनने त्याला गाठलं. जोडणीच्या कामाला केन अंडरवूड हा आणखी एक तरुण आला. समोर नमुना होता फेंडर कंपनीच्या बासमनचा. हा अमेरिकन अ‍ॅम्प इंग्लंडात भलताच महाग पडायचा. तसाच माल घरच्या घरी, स्वस्तात करायचा, एवढाच बेत होता. एकामागून एक पाच नमुने जिमच्या कानाला पटले नाहीत, सहावा पटला. साल होतं १९६२, महिना सप्टेंबर. जिमचं श्रेय इथे आहे आणि ते थोडं नाही: कान त्याचा, पैसा त्याचा, धंद्याची जोखीमही त्याचीच. पण अ‍ॅम्पच्या नावातली जे, टी आणि एम ही अक्षरं जिम, त्याचा मुलगा टेरी आणि मार्शल हे आडनाव यांची. डडलीला त्यात जागा नाही.

मग डडलीने केलं काय? टीकाकार म्हणतात, नक्कल केली. बासमनच्या ५एफ६-ए या मॉडेलचा आराखडा आणि जेटीएम४५चा आराखडा शेजारी शेजारी मांडले, तर पहिल्या नजरेत हा आरोप खरा वाटतो. व्हॉल्व्हची रांग तीच, सुरांची बटणं त्याच जागी, कित्येक रोधकांच्या किमतीही जशाच्या तशा. पण जरा नेटाने वाचलं की फरक दिसायला लागतात. फेंडरच्या पहिल्या जागेवर १२एवाय७ हा व्हॉल्व्ह आहे. त्याचा वर्धनांक चव्वेचाळीसच्या आसपास. हॅनवेलकरांनी तिथे ईसीसी८३ बसवला, त्याचा शंभर. गिटारची तार जरा जोरात छेडली की आवाज लगेच फाटू लागतो, त्याचं एक कारण हे.

माझ्या सगळ्यात आवडीचा फरक मात्र आराखड्यात जवळजवळ अदृश्य आहे. अ‍ॅम्पमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश २७ हजार ओहमच्या एका रोधकातून मागे वळवलेला असतो, लगाम म्हणून. दोन्हीकडे रोधक तोच. पण बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर समांतर जोडलेले, म्हणून तिथे तो ट्रान्सफॉर्मरच्या दोन ओहमच्या टोकाला लागतो. अनेक जेटीएम४५मध्ये तो सोळा ओहमच्या टोकाला लावलेला सापडतो. त्या टोकावर व्होल्टेज पावणेतीन पटींहून जास्त, म्हणजे लगामही तेवढाच घट्ट. त्यामुळे अ‍ॅम्पचा शेवटचा टप्पा बराच वेळ स्वच्छ, ताठ वाजतो आणि मग एकदम खवळतो. मार्शलचा म्हणून जो बाज आपण ओळखतो, त्यात या एका तारेचा वाटा मोठा आहे. तिची जागा पूर्ण विचार करून ठरवली असेल किंवा हाताशी असलेल्या मालाने ठरवली असेल. माझ्या मते दोन्हींचा त्यात हात आहे. रेडिओस्पेअर्सचे ट्रान्सफॉर्मर, सेलेशनचे बारा इंची स्पीकर, पुढे केटी६६ व्हॉल्व्ह, सगळं विलायतेत मिळणारं. सुरुवातीचे स्पीकर पंधरा वॅटचे, एवढा जोर त्यांना झेपेना, म्हणून बंद पेटीत चार बसवले. पुढच्या काळ्या भिंतीची ही पहिली वीट.

१९६६-६७च्या सुमारास केटी६६ जाऊन ईएल३४ आले आणि हा अध्याय संपला. म्हणून आज त्या काळातला अ‍ॅम्प दुर्मीळ आहे आणि तो ज्याच्याकडे असतो त्याच्या डोक्याला एक कायमचा घोर असतो. पन्नास-साठ वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. आवाजात घरघर येते, ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. बदलावेत, तर संग्राहक नाक मुरडतात, कारण त्यांना कारखान्यातला सांधा न् सांधा अस्पर्श हवा असतो आणि त्यावरच किंमत ठरते. न बदलावेत, तर अ‍ॅम्प नुसता दाखवायचा.

मी बदलणाऱ्यांच्या बाजूचा आहे. कपॅसिटर हा झिजणारा माल. इंजिनातलं तेल कुणी ठेवा म्हणून जपत नाही. कामात मुरलेले कारागीर काढलेले जुने तुकडे कागदी पाकिटात घालून पेटीतच ठेवतात. (हौशी मंडळींनी मात्र यात हात घालू नये. बटण बंद केल्यावरही आत चारशेहून अधिक व्होल्ट दबा धरून असू शकतात.) पण ट्रान्सफॉर्मर, तारांची वळणं आणि हाताने दिलेले डाख यांना धक्का लावू नये. ती सही आहे. ज्यांना पाटीवर जागा मिळाली नाही त्यांची.

तेव्हा असा अ‍ॅम्प विकत घेताना पुढच्या सोनेरी पाटीकडे बघून भाव करू नका. जाणत्या माणसाकडून मागची फळी काढून घ्या आणि जोडणी किती शाबूत आहे ते आधी बघा. पाटी आज कुठल्याही पेटीला नवी मिळते.